शेवटचे पान आधी लिहा: उद्याने आणि सार्वजनिक जमिनींच्या व्यवस्थापनाला उपयोगी पडेल असा संशोधन प्रकल्प कसा आखावा

उद्यान कार्यालयांच्या कपाटांत जाडजूड संशोधन अहवाल पडून असतात. त्यांतले बरेचसे चुकीचे नसतात. मोजणी नीट झालेली असते, आलेख सुबक असतात. तरीही त्यांच्या आधारे कोणी पाणवठा हलवलेला नसतो, पायवाट बंद केलेली नसते, की गवत जाळण्याचे वेळापत्रक बदललेले नसते. कारण बहुतेक वेळा एकच असते: नेमका कोणता निर्णय अडून बसला आहे, हे प्रकल्प सुरू करताना कोणी विचारलेलेच नसते. ‘अमुक उद्यानातील पक्षीवैविध्याचा अभ्यास’ या नावाखाली उत्तम काम होऊ शकते, पण ते वाचून उद्यापासून वेगळे काय करायचे हे व्यवस्थापकाला कळत नाही.

राष्ट्रीय उद्यान असो, राखीव कुरण असो, सार्वजनिक वन असो की मोठे शहरी उद्यान, मोजायच्या गोष्टी बदलतात. कामाचा क्रम बदलत नाही.

आधी निर्णय, मग प्रश्न

पहिली बैठक व्यवस्थापकाबरोबर घ्या, दुसरी प्रत्यक्ष फिरणाऱ्या वनरक्षकांबरोबर किंवा देखभाल कर्मचाऱ्यांबरोबर. दोन्ही वेगवेगळ्या ठेवा, कारण साहेब समोर असले की खालची माणसे गप्प बसतात आणि नेमकी माहिती त्यांच्याकडेच असते. दोन्हीकडे हेच विचारा: येत्या दोन-तीन वर्षांत कोणता निर्णय घ्यावा लागणार आहे? खरोखर शक्य असलेले पर्याय किती? निर्णय कोणाच्या सहीने होतो आणि कोणत्या महिन्यात? आणि काय कळले तर आज मनात असलेला पर्याय बदलेल?

शेवटच्या प्रश्नाला ‘काहीही कळले तरी तेच करणार’ असे उत्तर आले, तर त्या विषयावर संशोधन करू नका. निर्णय झालेला आहे. तुमच्याकडून फक्त शिक्का हवा आहे. पर्याय बदलू शकेल असे उत्तर आलेच, तर निर्णय एका वाक्यात लिहून त्यावर दोन्ही बाजूंची सहमती घ्या. उदाहरणार्थ, ‘तळ्याकाठच्या कुरणात दरवर्षीची गवतकापणी चालू ठेवायची, वर्षाआड करायची की बंद करायची, हे पुढचा व्यवस्थापन आराखडा मंजूर होण्याआधी ठरवायचे आहे.’ या वाक्यात जागा आहे, पर्याय आहेत आणि मुदत आहे. मुदत सगळ्यात महत्त्वाची. आराखडा मार्चमध्ये मंजूर होणार असेल आणि तुमचे विश्लेषण मे महिन्यात संपणार असेल, तर अहवाल पुढच्या आराखड्याची वाट पाहत कपाटात जाईल.

आता शेवटचे पान लिहा. अहवालातला मुख्य तक्ता किंवा आलेख काल्पनिक आकडे घालून तयार करा आणि त्याच्या तीन आवृत्त्या काढा: एकीत कापणीचा स्पष्ट फायदा, दुसरीत स्पष्ट तोटा, तिसरीत फरक इतका अंधूक की काहीच ठामपणे म्हणता येत नाही. तिन्ही कागद व्यवस्थापकासमोर ठेवा आणि प्रत्येकाखाली विचारा, ‘असे निघाले तर काय कराल?’ तिन्हींखाली एकच उत्तर आले, तर प्रश्न बदला. व्यवस्थापक म्हणाला, ‘हे ठीक आहे, पण मला तर तळ्यातल्या बगळ्यांची काळजी आहे, गवताच्या जातींची नाही,’ तर तुमचे एक वर्ष वाचले. तासाभराच्या या बैठकीत जे उघड होते ते एरवी दोन हंगाम मोजणी केल्यावर कळते.

याच बैठकीत उंबरठाही ठरवून घ्या: किती बदल झाला म्हणजे कृती करायची. मोजणी झाल्यावर उंबरठा ठरवायला बसलात तर तो हातात आलेल्या आकड्याच्या सोयीने सरकतो. पर्यटनाच्या बाबतीत हा विचार ‘स्वीकारार्ह बदलाची मर्यादा’ या नावाने ओळखला जातो. अमेरिकेच्या वनसेवेतल्या संशोधकांनी १९८५ साली त्याची पद्धतशीर चौकट मांडली. ‘या जागेला किती माणसे झेपतील’ या उत्तर नसलेल्या प्रश्नाऐवजी त्यांनी ‘किती बदल आपल्याला चालेल’ हा मोजता येणारा प्रश्न विचारला.

तुलना कशाशी?

व्यवस्थापनाच्या संशोधनातली सर्वांत महाग चूक मोजणीत होत नाही, तुलनेत होते. पाणवठा बांधल्यावर हरणे वाढली. पण ती पाणवठ्यामुळे वाढली, की त्या वर्षी पाऊस चांगला झाला म्हणून? फक्त ‘आधी’ आणि ‘नंतर’ मोजले तर सांगता येत नाही. फक्त ‘पाणवठा असलेला भाग’ आणि ‘नसलेला भाग’ मोजले तरीही येत नाही, कारण पाणवठा मुळातच बऱ्या जागी बांधलेला असतो. दोन्ही हवे: उपाय केलेल्या आणि न केलेल्या, दोन्ही जागा उपायाच्या आधीही मोजायच्या आणि नंतरही. मग उपायाच्या जागेतल्या बदलातून तुलनेच्या जागेतला बदल वजा करायचा. घनता उपायाच्या जागेत ४ वरून ७ झाली आणि तुलनेच्या जागेत ४ वरून ६ झाली, तर उपायाचे श्रेय ३ नाही, १ आहे.

अडचण अशी की ‘आधी’ची मोजणी करायला कोणी थांबत नाही. भरतपूरच्या केवलादेव उद्यानाचे उदाहरण म्हणूनच शिकण्यासारखे आहे. तिथे म्हशींच्या चराईवर १९८२ साली बंदी आली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा दीर्घ अभ्यास त्याआधीच, १९८० पासून, चालू होता, त्यामुळे बंदीपूर्वीची स्थिती नोंदलेली होती. चराई थांबल्यावर पास्पालम जातीच्या गवताने उथळ पाणी व्यापले, मोकळे पाणी घटले आणि पाणपक्ष्यांना त्याची झळ बसली. चराई हा नुसता उपद्रव नव्हता, गवत आटोक्यात ठेवणारी ती एक शक्ती होती, हे या अभ्यासातून पुढे आले. बंदीनंतर नोंदी सुरू झाल्या असत्या तर तेच वाढलेले गवत ‘नैसर्गिक स्थिती’ म्हणून कागदावर आले असते. मात्र बंदी अख्ख्या उद्यानाला होती. तुम्हाला संधी मिळाली तर बंदी असो, जाळणे असो की बाहेरच्या वनस्पतीचे उच्चाटन असो, ते टप्प्याटप्प्याने करायला सांगा. काही तुकडे दोन वर्षे मागे ठेवले तर व्यवस्थापनाचे फारसे बिघडत नाही आणि तुलनेची जागा आपोआप मिळते.

दुसरा खड्डा खोट्या पुनरावृत्तीचा. एका जळलेल्या पट्ट्यात ३० चौकटी (मोजणीसाठी आखलेले ठरावीक मापाचे चौकोन) टाकल्या आणि न जळलेल्या एका पट्ट्यात ३०, म्हणजे नमुने ६० झाले असे वाटते. आगीच्या परिणामापुरते ते दोनच आहेत: एक जळलेला, एक न जळलेला. पट्ट्यांमधला फरक मातीचा असेल, उताराचा असेल, जुन्या गोठ्याचाही असेल. उपाय ज्या एककाला लागू होतो, पुनरावृत्ती त्या एककाची हवी. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात १९५४ साली सुरू झालेले आगीचे प्रयोग आजही उपयोगी पडतात ते यामुळेच: वेगवेगळ्या वनस्पतीपट्ट्यांत, सुमारे ७ हेक्टरच्या तुकड्यांवर, वेगवेगळ्या ऋतूंत आणि अंतराने जाळणे आणि अजिबात न जाळणे यांच्या पुनरावृत्ती तिथे मांडलेल्या आहेत. त्यांची मर्यादाही लक्षात ठेवण्यासारखी आहे. तुकडा लहान असला की जळल्यानंतरच्या कोवळ्या गवतावर आसपासचे चरणारे प्राणी गोळा होतात, आणि आगीचा परिणाम व चराईचा परिणाम एकमेकांत मिसळतात. तुकड्याचा आकार प्राण्याच्या वावराच्या मानाने ठरवावा लागतो.

तिसरी गोष्ट फार कमी प्रकल्पांत सांभाळली जाते. सर्वांत वाईट अवस्थेतल्या जागा उपायासाठी निवडल्या, तर उपाय न करताही त्यांतल्या बऱ्याच पुढच्या वर्षी ‘सुधारतात’, कारण त्या वर्षी त्या अंशतः योगायोगाने वाईट होत्या. सर्वांत वाईट २० जागांची यादी करा आणि त्यांतल्या १० वर चिठ्ठी टाकून उपाय करा. उरलेल्या १० खरी तुलना देतील.

नमुने किती?

आधी १० ते १५ चौकटींची चाचणी मोजणी करा आणि सरासरी व प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) काढा. मग हे ढोबळ सूत्र वापरा: प्रत्येक गटात लागणारे नमुने = १६ × प्रमाण विचलनाचा वर्ग ÷ पकडायच्या फरकाचा वर्ग. यातून खरा फरक असल्यास तो पकडण्याची शक्यता सुमारे ८० टक्के मिळते, नेहमीच्या ५ टक्के पातळीवर (म्हणजे नसलेला फरक ‘आहे’ म्हणण्याची जोखीम ५ टक्के धरून).

समजा, प्रत्येक चौकटीत सरासरी १२ रोपटी आहेत आणि प्रमाण विचलन ६ आहे. ४ रोपट्यांचा फरक पकडायचा असेल तर १६ × ३६ ÷ १६, म्हणजे प्रत्येक गटात ३६ चौकटी. व्यवस्थापक म्हणाला २ रोपट्यांचाही फरक कळला पाहिजे, तर १४४. फरक निम्मा केला की काम चौपट होते. हा आकडा बैठकीत मांडला की चर्चा लगेच जमिनीवर येते. पैसे आणि माणसे प्रत्येक गटात ४० चौकटींपुरतीच असतील, तर २ रोपट्यांचा प्रश्न त्या प्रकल्पातून काढून टाका. ‘फरक आढळला नाही’ असे लिहिण्यासाठी वर्षभर राबण्यात अर्थ नाही, कारण वाचणारा त्याचा अर्थ ‘फरक नाही’ असाच घेतो.

जागा निवडताना नकाशाचे आधी थर करा (माती, उतार, वनस्पती यांनुसार) आणि प्रत्येक थरात संगणकाकडून यादृच्छिक बिंदू घ्या. १० ते २० टक्के बिंदू जास्तीचे ठेवा, कारण काही कड्यावर पडतात तर काही तळ्यात. बदली बिंदू मात्र यादीतला पुढचा घ्यायचा, शेजारचा ‘बरा दिसणारा’ नाही. रस्त्याकडेच्या बिंदूंचा मोह विशेष टाळा: रस्त्यालगत उजेड, धूळ, तण, वाहने आणि प्राण्यांचा वावर सगळेच वेगळे असते.

परवानगी

अर्ज हंगामाच्या किमान सहा महिने आधी द्या. त्यात पद्धत, बिंदूंचा नकाशा, माणसांची आणि वाहनांची संख्या, रात्री काम आहे का, काय गोळा करणार आणि त्याचे पुढे काय होणार, जमिनीत काय रोवणार आणि ते कधी काढणार, हे सगळे असावे. प्राणी पकडायचे असतील तर नैतिकता समितीची मंजुरी वेगळी लागते. जैविक नमुने देशाबाहेर जाणार असतील तर २०१४ पासून अंमलात असलेल्या नागोया कराराच्या (जैविक संसाधने मिळवणे आणि त्यांचा लाभ वाटून घेणे याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार) आणि संकटग्रस्त जातींच्या व्यापाराच्या करारातल्या अटी आधीच तपासा. विष्ठेचे नमुनेही यात येऊ शकतात. दुर्मीळ ऑर्किड, गिधाडांची घरटी, कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा यांचे अक्षांश-रेखांश जाहीर अहवालात किती ढोबळ करून द्यायचे, तेही परवानगीतच लिहून घ्या.

मोजणी: चौकटी आणि झाडे

गवत आणि लहान रोपांसाठी १ × १ मीटर, झुडपांसाठी ५ × ५, झाडांसाठी १० × १० किंवा २० × २० मीटर, एकात एक बसवलेल्या, ही मांडणी बहुतेक ठिकाणी चालते. २० × २० ची चौकट दोरीने आखल्यावर कर्ण मोजा, तो २८.२८ मीटर आला नाही तर चौकट तिरकी झाली आहे. उतारावर अंतर आडवे धरायचे असते. ३० अंशांच्या उतारावर टेप जमिनीला टेकवून २० मीटर मोजले तर आडवे अंतर १७.३ मीटरच भरते आणि तुमचे क्षेत्रफळ नकळत लहान होते. टेप आडवा ताणा किंवा अंतर वाढवून घ्या.

झाडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर मोजतात. उतारावर हे अंतर वरच्या अंगाने धरायचे. त्याखालीच दोन फांद्या फुटल्या असतील तर दोन खोडे मोजायची, आधारमुळे (बुंध्याशी फळ्यांसारखी पसरलेली मुळे) असतील तर त्यांच्या वर मोजून ती उंची नोंदवायची. मोजलेल्या जागी रंगाची बारीक रेघ ओढा. पुढच्या वेळी टेप ५ सेंटिमीटर खाली-वर झाला तरी तेवढ्याने झाड ‘आक्रसते’. सीमेवरच्या झाडांचा नियम आधीच लिहा: उत्तर आणि पूर्व बाजूंवरची धरायची, दक्षिण आणि पश्चिमेकडची सोडायची.

कायमच्या चौकटींचे लोखंडी खुंट चोरीला जातात. कोपऱ्यात खुंटाबरोबर जमिनीखाली २० सेंटिमीटरवर लोखंडाचा तुकडा पुरून ठेवा. खुंट गेला तरी धातुशोधकाने तो सापडतो. शिवाय दोन ओळखीच्या झाडांपासून किंवा खडकांपासूनचे अंतर आणि दिशा लिहून ठेवा. साधे जीपीएस मोकळ्या जागी ३ ते ५ मीटर चुकते, दाट झाडीत १० मीटरहूनही अधिक. केवळ त्यावर विसंबून १ मीटरची चौकट पुन्हा सापडत नाही. छायाचित्र घेताना ठरलेला खुंट, ठरलेली उंची, तीच भिंग-लांबी (फोकल लेंथ) आणि तोच पंधरवडा पाळा. फ्रेममध्ये मोजपट्टी उभी धरा.

प्राणी: रेषा, कॅमेरे आणि ‘नाही’चा अर्थ

ठरलेल्या रेषेवरून चालत, दिसलेला प्रत्येक प्राणी रेषेपासून किती दूर आहे हे नोंदवत केलेली गणना तीन गोष्टींवर उभी असते: रेषेवरच असलेला प्राणी सुटता कामा नये, तो तुमच्यामुळे हलण्याआधीच्या जागेचे अंतर घ्यावे, आणि अंतर अंदाजाने नव्हे तर रेंजफाइंडरने मोजावे. लंब अंतर थेट मोजता येत नसेल तर प्राण्यापर्यंतचे अंतर आणि रेषेशी होणारा कोन घ्या: ६० मीटर आणि ३० अंश असेल तर लंब अंतर ३० मीटर. नेहमीचा बिघाड असा की ५-७ अंशांचे कोन ‘शून्यच धर’ म्हणून लिहिले जातात. मग रेषेवर नोंदींचा ढीग पडतो आणि घनता फुगते. कळप असेल तर कळपाच्या मध्यापर्यंतचे अंतर आणि संख्या, दोन्ही घ्या. अंतर वाढेल तशी प्राणी दिसण्याची शक्यता कशी घटते, याचा विश्वासार्ह वक्र बसायला एका जातीच्या किमान ६० ते ८० नोंदी लागतात आणि रेषा किमान १० ते २०. तेवढ्या नोंदी मिळणार नाहीत हे चाचणीतच दिसले, तर दुसरी पद्धत निवडा.

पट्ट्यांवरून किंवा ठिपक्यांवरून ओळखता येणाऱ्या वाघ-बिबट्यांसारख्या मोठ्या मांजरांसाठी आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे जोडीने, वाटेच्या दोन्ही बाजूंना लावतात, कारण डाव्या आणि उजव्या अंगाचा नमुना वेगळा असतो. एकच अंग टिपले तर एक प्राणी दोनदा मोजला जाऊ शकतो. उंची ४० ते ५० सेंटिमीटर, वाटेच्या मध्यापासून ३ ते ४ मीटर. दोन्ही कॅमेरे किंचित तिरपे लावा, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगात जातो. शक्य तिथे सूर्योदय-सूर्यास्ताकडे तोंड नको. समोरचे गवत आणि लोंबत्या फांद्या कापा, अन्यथा वाऱ्याने हलणाऱ्या गवताचे हजारो फोटो येतात आणि कार्ड दोन दिवसांत भरते. एका मादीच्या वावरक्षेत्रात कॅमेऱ्यांच्या किमान दोन जागा याव्यात, आणि सगळी मोहीम ४५ ते ६० दिवसांत आटपावी. त्याहून लांबली की जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांमुळे ‘संख्या स्थिर आहे’ हे गृहीतक ढासळते.

सर्वांत क्षुल्लक वाटणारा आणि सर्वाधिक नुकसान करणारा दोष घड्याळाचा. बॅटरी बदलताना काही कॅमेऱ्यांची तारीख मूळ ठिकाणी परत जाते. प्रत्येक भेटीत पाटीवर जागेचा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून ती पाटी कॅमेऱ्यासमोर धरा आणि एक फोटो येऊ द्या. घड्याळ चुकले तरी त्या फोटोवरून सगळ्या वेळा दुरुस्त करता येतात. कॅमेऱ्यात माणसेही येतात: सरपण आणणारे, गुराखी, फिरायला आलेले. त्या फोटोंचे काय करायचे, कोणाला दिसतील, कधी पुसायचे, हे आधीच लेखी ठरवा.

प्राणी दिसला नाही म्हणजे तो नाही, असे होत नाही. एका भेटीत खूण सापडण्याची शक्यता ०.४ असेल, तर तीन भेटी करूनही पाचांतल्या एकाहून अधिक वसलेल्या जागा (०.६ × ०.६ × ०.६ = ०.२२) ‘रिकाम्या’ ठरतात. चूक ५ टक्क्यांच्या आत आणायला सहा भेटी लागतात. म्हणून एकदाच ६० जागा पाहण्यापेक्षा २० जागा तीनदा पाहिल्याने निदान शोधण्याची शक्यता तरी काढता येते आणि ती हिशेबात धरता येते.

माणसे आणि त्यांच्या वाटा

पायवाटेवर माणसे मोजणारे अवरक्त किरणांचे यंत्र शेजारी-शेजारी चालणारी दोन माणसे एकच धरते. ते बसवल्यावर गर्दीच्या आणि शांत, अशा वेगवेगळ्या वेळांचे मिळून किमान १० ते १२ तास हाताने मोजा. हाताने १३८ आणि यंत्राने ११५ आले, तर गुणक १.२. सुट्टीच्या दिवशी घोळके जास्त असतात, म्हणून त्या दिवसांचा गुणक वेगळा काढा. यंत्र बाक, वळण किंवा दृश्यस्थळापाशी लावू नका. तिथे एकच माणूस चार वेळा ये-जा करतो. छातीच्या उंचीपेक्षा थोडे खाली लावले की हलणारे हात कमी मोजले जातात आणि मुलेही सुटत नाहीत.

तुडवणुकीबद्दल एक गोष्ट माहीत असली तर अर्धी आखणी सोपी होते. माणसांची संख्या दुप्पट झाली म्हणून नुकसान दुप्पट होत नाही. वनस्पतींचा मोठा नाश पहिल्या थोड्या वापरातच होतो आणि नंतर वक्र सपाट होत जातो. म्हणून आधीच झिजलेल्या वाटेवरची गर्दी निम्मी केल्याने ती फारशी सावरत नाही, आणि ती गर्दी नव्या जागांवर पसरवली तर एकूण नुकसान वाढते. वापर मोठा असेल तिथे तो टणक जागेवर एकवटणे बरे. पांगवणे फक्त अतिशय कमी वापरातच चालते. हा वक्र तुमच्या मातीत कुठे वळण घेतो हे पाहायचे असेल, तर न तुडवलेल्या जागेत ०, २५, ७५, २००, ५०० फेऱ्यांचे पट्टे आखा, प्रत्येकाच्या किमान चार पुनरावृत्ती ठेवा, आणि उरलेला हिरवा भाग दोन आठवड्यांनी व एका वर्षाने मोजा. वर्षाची मोजणी वगळू नका, कारण तग धरणे आणि सावरणे हे वेगळे गुण आहेत. काही नाजूक वाटणारी गवते पुढच्या हंगामात पूर्ण परततात, तर कणखर झुडपे मोडली की मोडली.

चालू वाटेची स्थिती मोजताना आरंभबिंदू चिठ्ठीने ठरवा आणि तिथून दर १०० मीटरवर वाटेची रुंदी, उघड्या मातीची रुंदी आणि मधली खोली घ्या. फक्त खराब दिसणाऱ्या जागा मोजल्या तर सगळी वाट खराब ठरते.

निरीक्षक बदलला की आकडा बदलतो

‘आच्छादन किती टक्के’ (जमिनीचा किती भाग वनस्पतींनी झाकला आहे) या प्रश्नाला दोन प्रशिक्षित माणसेही सहज १०-१५ टक्क्यांचा फरक देतात. हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांनी त्याच १० चौकटी एकमेकांना न विचारता मोजाव्यात, मग फरक पाहून नियम घट्ट करावेत. हंगामाच्या मध्यावर हेच पुन्हा करा. एकाच माणसाने सगळ्या उपायाच्या जागा आणि दुसऱ्याने सगळ्या तुलनेच्या जागा मोजायच्या नाहीत. तसे झाले तर तुम्ही माणसांमधला फरक मोजला.

नोंदी

कागदावर केलेली नोंद त्याच संध्याकाळी संगणकात जावी, आणि कागदाचा फोटोही. शून्य आणि रिकामी जागा यांत गल्लत नको: शून्य म्हणजे पाहिले आणि नव्हते, रिकामे म्हणजे पाहिलेच नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, नाहीतर ०३/०४ कोणाला मार्च वाटेल, कोणाला एप्रिल. अक्षांश-रेखांशाचा प्रकार प्रत्येक पत्रकावर हवा. २४ अंश ३० मिनिटे म्हणजे २४.५ अंश. कोणी ते २४.३० असे लिहिले तर बिंदू सुमारे २२ किलोमीटर सरकतो. जुन्या नकाशांचा आधारभूत पृष्ठभाग (ज्याच्या आधारे अक्षांश-रेखांश ठरतात तो) जीपीएसच्या पृष्ठभागापेक्षा वेगळा असू शकतो. न बदलता वापरल्यास बिंदू शेकडो मीटर हलतात.

मूळ फाइलला हात लावायचा नाही. दुरुस्त्या प्रतीत करायच्या आणि काय, का बदलले ते लिहायचे. दहा टक्के पत्रके दुसऱ्या माणसाने पुन्हा भरून जुळवावीत. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. प्रत्येक स्तंभाचा अर्थ, एकक आणि संकेत सांगणारे एक पान सोबत ठेवा. पाच वर्षांनी ‘जीडी२’ म्हणजे काय हे तुम्हालाही आठवणार नाही.

एकूण वेळेचा किमान तिसरा हिस्सा सफाई, विश्लेषण आणि लेखनासाठी राखा. बहुतेक प्रकल्पांत क्षेत्रकाम लांबते आणि शेवटचे दोन महिने दोन आठवड्यांवर येतात.

निकाल टेबलावर

सुरुवातीला काढलेले ते काल्पनिक तक्ते आता बाहेर काढा आणि त्याच चौकटीत खरे आकडे भरा. त्याला एक पानाची टिपणी जोडा: निर्णयाचे वाक्य, पर्याय, प्रत्येक पर्यायात काय अपेक्षित, आणि त्याची खात्री किती. ‘फरक सांख्यिकीदृष्ट्या सार्थ आहे’ हे वाक्य व्यवस्थापकाच्या कामाचे नाही. ‘वर्षाआड कापल्यास मोकळे पाणी १५ ते ४० टक्क्यांनी वाढण्याची अपेक्षा, बहुधा २५ च्या आसपास’ अशा धाटणीचे वाक्य कामाचे आहे, कारण त्यात वाईटात वाईट काय होईल हेही आहे. निकाल अंधूक असेल तर तसेच लिहा आणि ठरलेला उंबरठा अपेक्षित आकड्यांच्या कक्षेच्या (वरच्या वाक्यातल्या १५ ते ४० सारख्या) आत येतो की बाहेर राहतो ते सांगा. सबंध कक्षा उंबरठ्याच्या एकाच बाजूला असेल, तर अंधूक निकालही निर्णयाला पुरतो.

अधिकारी बदलून जातात, अनेकदा प्रकल्प संपण्याआधीच. म्हणून निर्णयाचे वाक्य, उंबरठा आणि पुढच्या मोजणीचा महिना व्यवस्थापन आराखड्याच्या मजकुरात जायला हवा, पत्रव्यवहाराच्या फाइलीत नाही. वनरक्षकांना निकाल त्यांच्या भाषेत, त्यांच्या चौकीवर जाऊन सांगा. पुढची मोजणी बहुधा तेच करणार आहेत.

जाताना कार्यालयात एक पेटी ठेवून जा: बिंदूंचा छापील नकाशा, प्रत्येक चौकटीकडे जाण्याच्या खुणा, कोरी पत्रके, पद्धतीची छापील पुस्तिका, माहितीची एक प्रत. ज्या चौकटी पुन्हा मोजायच्या नाहीत त्यांचे खुंट, तारा, फिती आणि झाडांवरचे खिळे काढून आणा आणि यादीवर एकेक खूण करत मोजून घ्या. जमिनीखाली पुरलेले लोखंडाचे तुकडेही त्या यादीत असतात.